पावतीवर साडेसहा लिटर, डेटाबेसमध्ये शून्य: फाइल नेमकी कोण खराब करतंय?

भोगावतीकाठ | रविवार, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संस्थेचा संगणक मी सांभाळतो. सभासद २४०, सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल. उबुंटू २२.०४ (लिनक्स), पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस, २५६ जीबीची एकच एसएसडी, त्यावर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम. यूपीएस आहे, पण बॅटरी थकलेली.

आज ११ ते २० तारखेचं बिल काढायला बसलो आणि हातपाय गार पडले. एका काकूंच्या १४ तारखेच्या सकाळच्या नोंदीत सभासद क्रमांक बरोबर, तारीख बरोबर, पण लिटर ०, फॅट ०, एसएनएफ ०, दर ०, रक्कम ०. आणि नोंदीची वेळ दिसते १ जानेवारी २०००, पहाटे ५:३०. काकू पावती घेऊन समोर उभ्या. पावतीवर ६.५ लिटर छापलंय.

मग त्या पाळीच्या नोंदी मोजल्या. नेहमी २२० ते २३० असतात, १४ च्या सकाळी १७८. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही.

बुधवारी संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसने मान टाकली आणि मशीन बंद पडलं. मंगळवारी मी त्याच पाळीची बेरीज काढली होती, ती बरोबर आली होती. म्हणजे लाइट गेल्यानेच झालं ना? आता रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं) करू, व्हॅक्यूम फुल (टेबल नव्याने लिहून साफ करणं) करू, की डिस्क तपासणी लावू? उद्या बिलं वाटायची आहेत. लोक त्या पैशावर पेंड आणतात.

पिंपळपान | रविवार, रात्री ९:२०

एफएसचेक (फाइल सिस्टिमची तपासणी-दुरुस्ती) चालवा, सगळ्या प्रश्नांना हो म्हणा. आमच्या दुकानातल्या मशीनला त्यानेच गुण आला होता.

जुना_प्रशासक | रविवार, रात्री ९:२६

भोगावतीकाठ, आत्ता काहीही चालवू नका. रीइंडेक्स नाही, व्हॅक्यूम नाही, एफएसचेक तर मुळीच नाही.

पिंपळपान, तुमचा हेतू चांगला आहे, पण ईएक्सटी४ फक्त स्वतःचा हिशोब तपासते: कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे. फाइलच्या पोटात काय आहे याची तपासणी-बेरीज (मजकूर बदलला की न जुळणारा आकडा) ती ठेवतच नाही, एक्सएफएसही नाही. ते काम झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम करतात. म्हणजे इथे एफएसचेकला दोष दिसणार नाही, आणि मेटाडेटात (त्या हिशोबात) काही सापडलंच तर ते दुरुस्त करायच्या नादात आपल्याला हव्या त्या खुणा पुसेल.

आधी ही कामं, याच क्रमाने. बॅकअपची स्क्रिप्ट जुने डंप (डेटाबेसच्या बॅकअप प्रती) पुसत असेल तर ती बंद करा. पोस्टग्रेस थांबवा, मशीन बंद करा. पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह उबुंटूने सुरू करा, एसएसडी माउंट करू नका, आणि डीडीरेस्क्यूने अख्ख्या एसएसडीची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. पुढचं सगळं त्या प्रतिमेच्या प्रतीवर. उद्या सकाळचं संकलन वहीत लिहा.

घाई करतोय कारण ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची आपोआप चालणारी साफसफाई. तुमच्या गायब ओळींबद्दल माझा एक अंदाज आहे. तो खरा असेल तर पोस्टग्रेस त्यांना मेलेल्या ओळी समजतंय, आणि ऑटोव्हॅक्यूम आलं की त्या ओळींकडे जाणाऱ्या इंडेक्समधल्या नोंदीही झाडून नेईल. मग कोणाकोणाच्या नोंदी गेल्या हेसुद्धा कळणार नाही.

भोगावतीकाठ | रविवार, रात्री ९:५०

स्क्रिप्ट बंद केली. सात दिवसांपेक्षा जुने डंप ती खरंच पुसते. मशीन बंद केलं. शेजारच्या गावातून मित्र हार्ड डिस्क घेऊन निघालाय. सचिवांना फोन केला, सकाळी वही काढतो म्हणाले.

अबोली | रविवार, रात्री १०:१५

वाचतेय. प्रतिमा निघेपर्यंत एक विचारते: चेकसम, म्हणजे डेटाबेसच्या प्रत्येक पानाच्या (८१९२ बाइटच्या तुकड्याच्या) तपासणी-बेरजा, चालू आहेत का? नसतील, तर घाबरून चालू करू नका. डेटाबेस बंद ठेवून पीजी_चेकसम्सने ते चालू केले की प्रत्येक पान आत्ता जसं आहे तसंच खरं धरून त्यावर बेरीज लिहिली जाते. खराब पानालाही चांगल्याचा शिक्का बसतो. आमच्याकडे एकाने नेमकं हेच केलं होतं. नंतर कुठलं पान कधीपासून वाईट आहे ते शोधायला काही साधनच उरलं नाही.

पोस्टग्रेस १८ पासून नवा क्लस्टर (डेटाबेसचं डेटा-फोल्डर) करताना चेकसम आपोआप चालू असतात. १४ मध्ये ते सांगून चालू करावे लागतात, आणि बहुतेकांनी सांगितलेलं नसतं.

भोगावतीकाठ | सोमवार, सकाळी ७:४०

ताई, चेकसम बंदच आहेत. प्रतिमा निघाली, वाचताना एकही एरर नाही. स्मार्टचे (एसएसडीच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदींचे) आकडेही स्वच्छ: बदललेले सेक्टर ०, केबलच्या चुका ०. कर्नलच्या लॉगमध्ये डिस्कबद्दल एक तक्रार नाही. रात्रभर मेमरी टेस्ट चालवली, तीही पास. सकाळचं संकलन वहीत झालं, रांग थोडी लांबली इतकंच.

जुना_प्रशासक | सोमवार, सकाळी ८:१०

छान केलंत. आता प्रतीवर काम. लॅपटॉपवर पोस्टग्रेस १४, ऑटोव्हॅक्यूम बंद. काकूंच्या त्या नोंदीचा सीटीआयडी (ओळीचा पत्ता: पान आणि क्रमांक) काढा, त्यावरून पान क्रमांक कळेल. मग मूळ फाइलमधलं तेच ८१९२ बाइटचं पान हेक्सडंपने (बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनाने) पाहा. टेबलची रचनाही इथे द्या.

भोगावतीकाठ | सोमवार, सकाळी ९:३०

सीटीआयडी (३१८, ४७). म्हणजे पान ३१८, फाइलमध्ये २६०५०५६ व्या बाइटपासून.

रचना: आयडी ८ बाइट, सभासद ४, तारीख ४, मग लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम हे प्रत्येकी ८ बाइटचे दशांश आकडे, शेवटी वेळ ८ बाइट. नल (रिकामी जागा) कुठेच नाही.

हेक्सडंपमध्ये पानाचा पहिला अर्धा भाग भरलेला आहे. बरोबर ४०९६ बाइटनंतर सगळी शून्यं. पण पूर्ण नाहीत. मध्ये मध्ये एकटाच ०२ दिसतो, ठरावीक अंतराने. मोजलं, दर ८८ बाइटला एक. हे काय आहे?

जुना_प्रशासक | सोमवार, सकाळी १०:०५

या ०२ साठीच हेक्सडंप मागितला होता. जरा सविस्तर लिहितो, कारण हे पान नीट वाचता आलं की अर्धं काम झालं.

तुमची एक ओळ म्हणजे २४ बाइटचं डोकं आणि ६४ बाइटचा मजकूर, एकूण ८८. पोस्टग्रेस पानाच्या सुरुवातीला प्रत्येक ओळीचा ४ बाइटचा पत्ता ठेवतं, आणि ओळी मात्र पानाच्या शेवटाकडून वर भरत येतं. म्हणजे त्या पानावर पहिल्यांदा मोजलेलं दूध पानाच्या तळाशी. दुसऱ्या ४०९६ बाइटमध्ये पूर्ण मावणाऱ्या ओळी किती? ४६. सत्तेचाळिसावी ओळ सीमेवर बसते. तिचं डोकं आणि मजकुराचे पहिले १६ बाइट वरच्या अर्ध्यात राहतात, बाकीचे खाली जातात. ते १६ बाइट म्हणजे आयडी, सभासद आणि तारीख. काकू रांगेत त्या पानावरच्या सत्तेचाळिसाव्या होत्या, म्हणून त्यांचं नाव वाचलं आणि दूध गेलं. वेळेच्या जागी शून्य आलं. पोस्टग्रेसचं घड्याळ १ जानेवारी २००० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून मोजतं, आपल्याकडे ती पहाटेची साडेपाचची वेळ.

उरलेल्या ४६ ओळींची डोकीच शून्य झाली. ओळ कोणत्या व्यवहाराने लिहिली तो क्रमांक शून्य. पोस्टग्रेस असा व्यवहार रद्द झालेला धरतं, ओळ दाखवत नाही, एररही देत नाही. आणि पुन्हा चौकशी करावी लागू नये म्हणून त्या डोक्यात 'लिहिणारा रद्द' अशी खूण करून ठेवतं. ती खूण म्हणजे तुमचे ते ०२.

म्हणजे शून्यं आधी आली आणि ०२ नंतर लागले. पान खालून खराब होऊन वर आलं, डेटाबेसने ते वाचलं, खुणा केल्या आणि परत लिहिलं. शिवाय बिघाड बरोबर ४०९६ बाइटचा आहे. पोस्टग्रेसचा विचार ८१९२ मध्ये चालतो. ४०९६ हे माप फाइल सिस्टिमचं, कर्नलचं आणि एसएसडीचं. दोषी त्या तिघांतच शोधायचा.

सह्यकडा | सोमवार, सकाळी १०:४०

पण लाइट गेल्यावर पान अर्धवट लिहिलं जातं, ते टॉर्न पेज, तेच नसेल कशावरून? नवं पान जोडताना पोस्टग्रेस आधी शून्यांनीच भरतं. अर्धं लिहून झालं आणि लाइट गेली तर दुसरा अर्धा शून्यच राहणार.

जुना_प्रशासक | सोमवार, सकाळी ११:००

शंका रास्त आहे, मीही आधी तिथेच गेलो होतो. पण तारखा पाहा. पान १४ तारखेचं, लाइट गेली १७ ला. मधल्या काळात शेकडो चेकपॉइंट (रॅममधले बदल डिस्कवर उतरवणं) होऊन गेले. फ्लश झालं (सगळं पक्कं लिहिलं) म्हणून खोटं सांगणाऱ्या एसएसडी असतात, पण त्या काही सेकंदांचं लिखाण पोटात ठेवतात, तीन दिवसांचं नाही. आणि चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदललं की फुल पेज राइट्स या सोयीमुळे अख्खं पान वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, जातं. ताजं पान फाटलं असतं तर ते तिथून परत आलं असतं.

मग मंगळवारी बेरीज बरोबर कशी आली? ते टेबल अडीच एमबीचं, पोस्टग्रेसची शेअर्ड बफर्स (रॅममधली पानांची जागा) मुळातच १२८ एमबी. मंगळवारचं उत्तर रॅममधून आलं. डिस्कवरचं पान तेव्हा आधीच खराब असू शकतं. बुधवारी मशीन बंद पडलं, रॅम रिकामी झाली आणि डिस्कवर काय आहे ते पहिल्यांदा समोर आलं. लाइटने बिघाड केला नाही, उघडा पाडला.

यात तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. रात्रीचा डंपही शेअर्ड बफर्समधूनच निघतो. बुधवारी संध्याकाळपूर्वीचा कोणताही डंप उघडून पाहा.

भोगावतीकाठ | सोमवार, दुपारी १२:१५

सापडल्या!! १५, १६ आणि १७ च्या पहाटेच्या डंपांमध्ये १४ च्या सकाळच्या २२४ नोंदी आहेत. काकूंचे ६.५ लिटरही आहेत. १८ पासूनच्या डंपांत १७८. काल रात्री स्क्रिप्ट चालू राहिली असती तर तीन-चार रात्रींत हे तिन्ही डंप गेले असते. काय बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

अबोली | सोमवार, दुपारी १२:३०

खूप बरं वाटलं वाचून. तरी डंपवर आंधळा विश्वास नको. पेजइन्स्पेक्ट या पोस्टग्रेसच्या साधनाने सभासद-तारखेच्या इंडेक्सची पानं वाचा आणि पान ३१८ कडे बोट दाखवणाऱ्या नोंदी काढा. डंपमधल्या त्या ४६ जणांशी यादी जुळली पाहिजे. शिवाय पावत्या आहेतच.

ऱ्हाईनकाठ | सोमवार, दुपारी २:५०

जर्मनीत असतो, इथे डेटाबेसचंच काम. एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. आता सगळे एसएसडीकडे बोट दाखवतील. थोडं थांबा.

२०१५ मध्ये अल्गोलिया या शोधसेवा कंपनीच्या सर्व्हरांवर फाइलींमधले तुकडे शून्य होऊ लागले. ट्रिमशी (कोणती जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणाऱ्या आज्ञेशी) संबंध लागला आणि त्यांनी सॅमसंगच्या एसएसडींवर जाहीर बोट ठेवलं. पुढे सॅमसंगच्या अभियंत्यांनी खोदून काढलं, तर दोष लिनक्स कर्नलमध्ये निघाला: रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या असताना) ट्रिमची आज्ञा फोडून पाठवताना चूक होत होती. २०१८ च्या अखेरीस कर्नल ४.१९ वर ईएक्सटी४ खराब होऊ लागली, सगळे ईएक्सटी४ ला दोष देत होते, दोष निघाला खालच्या ब्लॉक लेयरमध्ये (कर्नलच्या डिस्कशी बोलणाऱ्या थरात) आणि दुरुस्ती ४.१९.८ मध्ये आली. २०२३ मध्ये ओपनझेडएफएस २.२.० वर नकल केलेल्या फाइलींत शून्यांचे पट्टे सापडले. संशय नव्या ब्लॉक क्लोनिंगवर (नक्कल करताना तेच ब्लॉक पुन्हा वापरण्याच्या सोयीवर) गेला, २.२.१ मध्ये ते बंदही केलं. खरा दोष कितीतरी जुना होता, तो २.२.२ आणि २.१.१४ मध्ये गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ईएक्सटी४ च्या एका अर्धवट बॅकपोर्टमुळे (नवा बदल जुन्या कर्नलमध्ये आणण्यामुळे) डेबियन या लिनक्सला १२.३ रोखून थेट १२.४ काढावी लागली.

चारही वेळा लक्षण दिसलं एका थरात. दोष कुठे आहे हे मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिल्यावरच पक्कं करता येतं.

सह्यकडा | सोमवार, दुपारी ३:२०

यात २०१८ ची एफसिंकची (डेटा डिस्कवर पक्का लिहायला लावणाऱ्या आज्ञेची) भानगडही आली पाहिजे. डिस्कवर लिहिणं फसलं की लिनक्स एफसिंकला एकदा एरर देतं आणि ती पानं स्वच्छ म्हणून खूण करतं. पोस्टग्रेस पुन्हा एफसिंक करायचं, या वेळी उत्तर 'ठीक आहे' यायचं, चेकपॉइंट पूर्ण मानला जायचा, आणि डेटा कुठेच नसायचा. वीस वर्षं सगळे पुन्हा प्रयत्न करणं सुरक्षित मानत होते. फेब्रुवारी २०१९ च्या ११.२ आणि सोबतच्या जुन्या शाखांमधल्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसला की पोस्टग्रेस स्वतःला पाडतं आणि वॉलमधून उभं राहतं. डेटा_सिंक_रीट्राय ही सेटिंग कोणी 'सर्व्हर पडतोय' म्हणून चालू करत असेल तर हात जोडून सांगतो, करू नका.

भोगावतीकाठ यांच्याकडे लिहिताना एरर आलेलीच नाही, त्यामुळे हे त्यांचं कारण नाही.

भोगावतीकाठ | सोमवार, रात्री ९:१५

दिवसभर प्रतिमेवर बसलो होतो. संस्थेच्या स्कॅन केलेल्या ठरावांची जुनी नक्कल पेनड्राइव्हवर होती, ती तपासणी-बेरजेने ताडून पाहिली. दोन पीडीएफमध्येही नेमका ४०९६ बाइटचा शून्यांचा तुकडा. म्हणजे पोस्टग्रेस सुटलं.

मग फाइलफ्रॅगने तिन्ही तुकड्यांची डिस्कवरची जागा काढली. तिघं एकमेकांपासून लांब, पण तिघांच्याही अगदी पुढचा ब्लॉक आत्ता मोकळा आहे. मोकळे पट्टे मोठे आहेत, साधारण आमच्या एका डंपएवढे. डंप पुसला जातो तिथे असे पट्टे तयार होतात. आणि उबुंटूवर एफएसट्रिम (सगळ्या मोकळ्या जागेसाठी ट्रिम पाठवणारी आज्ञा) दर सोमवारी मध्यरात्री आपोआप चालतं. १५ तारीख सोमवार होती. काल रात्री मशीन बंद केलं नसतं तर ते पुन्हा चाललं असतं.

जुना_प्रशासक | सोमवार, रात्री ९:४०

शाब्बास! मोकळ्या पट्ट्याची कड मोजताना कोणीतरी एक ब्लॉक जास्तीचा खातंय. आता ऱ्हाईनकाठ म्हणतात तसं करा. हजार फाइली लिहा, प्रत्येकीची एसएचए२५६ बेरीज दुसऱ्या डिस्कवर ठेवा. एक सोडून एक पुसा. एफएसट्रिम चालवा, मशीन पूर्ण बंद करून चालू करा म्हणजे रॅम आड येणार नाही, मग उरलेल्या पाचशे ताडून पाहा. आधी हीच एसएसडी याच मशीनवर. मग याच मशीनवर दुसरी एसएसडी. मग ही एसएसडी दुसऱ्या मशीनवर, वेगळ्या कर्नलवर.

पिंपळपान | मंगळवार, सकाळी ११:००

मधेच विचारतो, क्षमा असावी. माझं दुकानाचं सॉफ्टवेअर एसक्यूएलाइटवर (एकाच फाइलमधल्या डेटाबेसवर) आहे, कधीतरी 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' येतं. मी फाइल पेनड्राइव्हवर घेतो आणि शेजारी पडलेली ती जर्नलची फाइल कचरा म्हणून पुसतो.

अबोली | मंगळवार, सकाळी ११:२५

दादा, ती पुसू नका! अर्धवट राहिलेला व्यवहार मागे फिरवायची माहिती त्या जर्नलमध्ये असते. वॉल फाइल असेल तर त्यात पक्क्या झालेल्या नोंदीही असतात. सॉफ्टवेअर बंद करून दोन्ही फाइली एकत्रच उचलायच्या. आत्ताच्या फाइलची प्रत काढून त्यावर प्राग्मा इंटिग्रिटी_चेक चालवा, दोष निघाला तर प्रतीवरच रिकव्हर ही आज्ञा देऊन मिळेल तेवढं नव्या फाइलमध्ये घ्या. आकडे घेऊन वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

भोगावतीकाठ | गुरुवार, रात्री ८:३०

निकाल.

जुनी एसएसडी, आमचं मशीन: ५०० पैकी ३ फाइली खराब, प्रत्येकीत ४०९६ शून्यं. एफएसट्रिम न चालवता तीच चाचणी: ०. दुसऱ्या कंपनीची एसएसडी, आमचं मशीन, एफएसट्रिमसह: ०, दोनदा केली. जुनी एसएसडी मित्राच्या मशीनवर, दुसरा कर्नल: २ खराब. दोष एसएसडीच्या फर्मवेअरचा (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरचा). विकणाऱ्याला सगळे आकडे आणि फाइली दिल्यात. कंपनीचं नाव उत्तर येईपर्यंत इथे घेत नाही.

नव्या एसएसडीवर नवा क्लस्टर केला, या वेळी चेकसमसह. १७ च्या पहाटेचा डंप भरला, त्यानंतरच्या नोंदी २१ च्या डंपमधून घेतल्या आणि वहीतल्या हाताने भरल्या. अबोलीताई, इंडेक्समधून ४६ च्या ४६ जणांची यादी निघाली, डंपशी जुळली. डंप आता तीस दिवस राहतील, आणि पाळीची नोंदसंख्या रोज आदल्या दिवशीच्या डंपशी ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट लावलीय.

बिलं चार दिवस उशिरा निघणार असं सचिवांनी फळ्यावर लिहिलं होतं. पण ४६ जणांपैकी एकेचाळीस जणांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या, पिठाच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे. सगळ्या आणून दिल्या आणि एकीचाही आकडा चुकला नाही. उरलेल्या पाच जणांचा आकडा डंपमधला धरला, त्यांना तो वाचून दाखवला आणि सह्या घेतल्या. आज संध्याकाळी पैसे वाटले.

जुना_प्रशासक | गुरुवार, रात्री ९:००

उत्तम. ती जुनी एसएसडी परत पाठवण्याआधी रविवारची प्रतिमा आणखी एका डिस्कवर ठेवा. कंपनी पुरावा मागेल तेव्हा तेवढीच हाताशी असेल.

भोगावतीकाठ | गुरुवार, रात्री ९:१०

ठेवली. संस्थेच्या तिजोरीत.